लेख अर्ध्यावर येऊन रुतलाय, पुढे कसा काढता तुम्ही?

खाजनातला
मंडळी, जरा मदत पाहिजे. एका दिवाळी अंकाला गोव्यातल्या खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीवर, लेख कबूल करून बसलोय, 1800 शब्द, चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी द्यायचाय. चवथीनंतर देतो म्हटलं तर संपादक हसले, म्हणाले चवथीनंतर तू माटोळी उतरवणार, मग उरलेल्या नेवऱ्या संपवणार, मग म्हणणार आता दसरा होऊ दे. काही चूक नाही त्यांचं.

तर नऊशेएक शब्द सरळ झाले. खाजन म्हणजे काय, खाडीचं पाणी अडवायला चिखलाचे आणि चिऱ्यांचे बांध कसे घातले, कोरगुट भात खाऱ्या जमिनीत कसं तगतं, पोंय म्हणजे आतला पाण्याचा चर, आणि मग मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. मानशीवरचे दोन परिच्छेद तर मलाच आवडलेत, भरतीचं पाणी बाहेरून लाकडी दाराला रेटतं की दार आपसूक मिटतं, ओहोटीला आतलं पाणी रेटतं की उघडतं, ना मोटर ना वीज, आणि शेकडो वर्षं हे चाललंय. इथपर्यंत झकास. पुढे काही नाही म्हणजे काहीच नाही.

रोज जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडतो, पहिल्यापासून वाचत येतो, दोन शब्द इकडचे तिकडे करतो, मानशीपाशी पोचतो आणि युट्यूब लावतो. विषय माहीत नाही असं नाही हो, आमचं स्वतःचं शेत आहे खाजनात, आजोबांपासून कूळ आहोत. नोट्सची वही भरलीय. मग हे काय आहे? मूड नाही म्हणू तर बाकी सगळ्याला मूड आहे.

फेरीबोट
सोडून दे दोन दिवस. रायबंदरहून चोडणची फेरी धर, पलीकडे उतर, गाड्यावर कप चा आणि मिर्ची भजी खा, पुढच्या फेरीने परत ये. फोन घरी ठेवून. माझं तरी निम्मं लिखाण फेरीत सुटतं.

भिवपाची गरज ना
आजच्या जमान्यात कोण डोकं फोडतो रे. एआयला नऊशे शब्द दे आणि सांग पुढचे नऊशे काढ. दोन मिनिटं. भिवपाची गरज ना 😄

खाजनातला
@फेरीबोट चोडणला जाऊन आलो, भजी मस्त होती, लेख आहे तिथेच.
@भिवपाची गरज ना तेही करून बघितलं, खोटं कशाला बोलू. त्याने लिहिलं "खाजन हा आपला अमूल्य वारसा असून त्याचे जतन करणे ही काळाची गरज आहे" आणि असेच सात परिच्छेद. संपादक ओळखतील असं नाही, पण आमच्या वाड्यावर लोक ओळखतील.

डेस्कवरचा
मी रिटायर्ड उपसंपादक, आयुष्य दुसऱ्यांचे अडकलेले लेख पुढे ढकलण्यात गेलं म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. लेख जिथे थांबतो तिथे रोग नसतो, तो दोन परिच्छेद वर असतो. लिहिणारा थांबलेल्या ओळीकडे बघत बसतो आणि पुढची ओळ शोधतो, आणि ती सापडत नाही कारण आधीच्या ओळीने त्याला भलत्या ठिकाणी आणून सोडलेलं असतं, किंवा खऱ्या ठिकाणी आणलेलं असतं आणि त्याला तिथे जायचं नसतं. हे दुसरं जास्त वेळा होतं.

तू असं कर, शेवटचं जे वाक्य लिहिलंस ते इथे जसंच्या तसं टाक. सुधारून नाही.

पोस्टमन
काकांचं खरं आहे पण मला वाटतं शिस्त हाच उपाय. आमच्या खात्याचा अभिमान म्हणून सांगतो, अँथनी ट्रोलप नावाचा इंग्लिश कादंबरीकार, नोकरी पोस्टात, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द असा हिशोब, आणि मग ऑफिसला. मूडबिड काही नाही. अशा चाळीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या माणसाने.

सत्तरीची सून
@पोस्टमन बाब, ट्रोलपची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याने पहाटे उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर ठेवला होता, त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा देऊन, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मी साडेपाचला उठले तर आधी टाकीत पाणी आहे का बघते, मग दोन डबे, मग शाळेची बस. 250 शब्द काय, 250 पोळ्या पण जास्त होतील 🙏

पोस्टमन
हा हा, मान्य बाय. कॉफीवाला आम्हालाही मंजूर झालेला नाही.

खाजनातला
@डेस्कवरचा काका, हे शेवटचं वाक्य:
"मानशीवर मासळी पकडण्याचा हक्क दरवर्षी पावणी करून दिला जातो."

डेस्कवरचा
सापडलं की रे!

आतापर्यंत तू माहिती देत होतास, बांध, भात, दार. त्यात कोणाशी भांडण नाही. या वाक्याने पैसा आणलास. आता वाचक विचारणार, पावणी, म्हणजे हा लिलाव, कितीला जाते, कोण घेतो, तो पैसा बांधावर खर्च होतो की नाही, आणि मुख्य म्हणजे पावणी घेतलेला माणूस दाराचं काय करतो, कारण त्याला पाहिजे सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि शेतकऱ्याला पाहिजे भात. खारं पाणी आत जास्त घेतलं तर मासळी जास्त, आणि शेत जातं. हे तुला माहीत आहे, तुझं शेत तिथे आहे. पुढच्या वाक्यात तुला सांगावं लागणार की तुझ्या मते चूक कोणाची, आणि ते तुला लिहायचं नाहीय. म्हणून युट्यूब.

तिसवाडी मिठागर
+1. पण काका, सगळंच असं नसतं. कधीकधी माहितीच नसते. माझा मिठागरांवरचा लेख असाच लटकलेला, मला वाटायचं मूड नाही, आणि खरं म्हणजे मीठ ओढल्यावर पुढे कोण घेतो, कितीला घेतो हेच मला माहीत नव्हतं. एका मिठागरवाल्याला विचारलं, त्याने पाऊण तास ऐकवलं, लेख झाला. म्हणून आधी बघ, पुढच्या परिच्छेदाला लागणारी गोष्ट तुझ्याकडे आहे का. नसेल तर खुर्चीत बसून ती येणार नाही.

आणि उलटं पण सांगतो, "अजून थोडं वाचतो मग लिहितो" हा सापळा. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत कोमुनिदादींवरची, म्हणजे जुन्या गावकीच्या संस्थांवरची, पुस्तकं काढून बसलं की दिवस कसा जातो कळत नाही आणि घरी येताना वाटतं आज लेखाचं काम झालं. लेखाचं काही झालेलं नसतं.

सत्तरीची सून
मी शिक्षिका, मुलांचे निबंध अर्ध्यावर थांबलेले रोज बघते, त्यामुळे यावर मागे बरंच वाचलं होतं. माइक रोज म्हणून अमेरिकन अभ्यासक आहे, त्याने 1980 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला, पाच लिहिताना अडकणारे, पाच न अडकणारे. अडकणारे ढ होते असं नाही, हुशारच होते. फरक काय निघाला, तर त्यांच्या डोक्यात दगडासारखे नियम. एका मुलीचा नियम, प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात व्याकरणशुद्ध उतरलं पाहिजे. दुसरीचा नियम, सुरुवातच अशी पाहिजे की वाचक पकडला गेला पाहिजे, नाहीतर पुढे जायचं नाही. तिसरी एवढा गुंतागुंतीचा आराखडा करायची की तो छोट्या निबंधात मावायचाच नाही. न अडकणाऱ्यांकडे पण नियम होते बरं का, पण जमलं नाही तर ते नियम सोडून द्यायचे.

माझ्या वर्गात हेच. "निबंधात म्हण आलीच पाहिजे" असं कोणीतरी सांगितलेलं असतं, मग पोर म्हण आठवत बसतं आणि तास संपतो.

तर @खाजनातला, तुमचा नियम काय आहे? असणार एखादा. विचार करून सांगा.

खाजनातला
ताई, हे वाचून जरा वेळ गप्प बसलो. आहे नियम. लेखात "मी" येता कामा नये. मी सुरुवातीला बातम्या लिहायचो तेव्हापासूनचा. वैचारिक लेख म्हणजे अभ्यासपूर्ण, तटस्थ, घरचं काही आणायचं नाही.

आणि काकांनी जे म्हटलं त्याचं पण उत्तर देतो आता. आमच्या सख्ख्या काकाने एक वर्ष मानशीची पावणी घेतली होती. त्या वर्षी आमच्याच खालच्या मेरेला खारं पाणी चढलं, कोरगुट म्हणून थोडं तरी हाताला लागलं, दुसरं भात असतं तर काही उरलं नसतं. बाबा काकाशी बरीच वर्षं बोलत नव्हते. काका वाईट माणूस नव्हता हो, त्याच्यावर कर्ज होतं, पावणीचे पैसे भरलेले, ते वसूल करायला मासळी पाहिजे, मासळीला पाणी पाहिजे. आता हे सगळं नोट्सच्या वहीत नाहीय, पण लिहायला बसलो की हेच समोर येतं आणि मी ते बाजूला सारून 1964 चा कूळ कायदा लिहायचा प्रयत्न करतो, की आधी कोमुनिदादी बांध बघायच्या, मग कुळांच्या असोसिएशन आल्या, मग देखभाल कशी ढिली पडली. आणि ते वाक्य सरकारी उतरतं आणि मी लॅपटॉप बंद करतो.

हळदीचं पान
अरे मग हेच लिही ना!!

डेस्कवरचा
@हळदीचं पान एवढं सोपं नाही ते. घरचं भांडण अंकात छापायचं म्हणजे उद्या लग्नाकार्याला त्याच लोकांसमोर बसायचंय.

पण एक करता येतं. छापायचं की नाही हा प्रश्न आज नकोच. आज फक्त लिहायचं, वेगळ्या फाइलमध्ये, काकाचं नाव गाव सगळं घालून, जसं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंस अगदी तसं. मग त्यातलं काय ठेवायचं ते चार दिवसांनी. लोक लिहिणं आणि छापणं एकदम करायला जातात, तिथेच हात थिजतो. आणि बघ, तू आत्ता इथे एवढं लिहिलंस ते न थांबता लिहिलंस, कारण हा "लेख" नव्हता.

तिसवाडी मिठागर
खरंय, वरची पोस्ट हाच लेखाचा दुसरा भाग आहे जवळजवळ.

हळदीचं पान
मी तर अडकले की मैत्रिणीला व्हॉइस मेसेज पाठवते, कोकणीत. "गो आयक, म्हाका हें सांगपाचें आसा" म्हणून सुरू. आपण लिहितो मराठीत पण भांडतो कोकणीत, आणि जोर सगळा भांडणातच असतो. नंतर तोच मेसेज ऐकत ऐकत मराठीत उतरवायचा. मैत्रीण आता पैसे मागते.

फेरीबोट
हेमिंग्वेचं पण एक आहे ना, की पुढे काय येणार ते माहीत असतानाच त्या दिवशीचं लिहिणं थांबवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापासून सुरुवात नाही.

डेस्कवरचा
चांगलं आहे ते, पण आधीच अडकलेल्याला त्याचा काय उपयोग. अडकायच्या आदल्या दिवशी पाळायचं पथ्य आहे ते. आणि ज्याला उद्या सकाळी अंक पाठवायचाय त्याने पाळू नये.

भिवपाची गरज ना
काका फॉर्मात 🔥 पण मला एक सांगा, हे सगळं ठीक, पण कधी कधी माणूस खरंच दमलेला असतो की नाही? मी दिवसभर साइटवर, रात्री ब्लॉग लिहायला बसलो की डोळे मिटतात, त्यात कुठला नियम आणि कुठलं भांडण?

सत्तरीची सून
असतो ना. त्याला झोप हाच उपाय, उगाच मोठं नाव कशाला द्यायचं. मी एक ओळखते की थकवा आहे की दुसरं काही: रविवारी सकाळी, झोप झालेली, घरात कोणी नाही, तरी तिथेच थांबले तर थकवा नाही. तुमचं रविवारी काय होतं ते बघा.

खाजनातला
अपडेट देतो.

काकांनी सांगितलं तशी वेगळी फाइल केली, पण ती सुरू करायच्या आधी वाटलं मानशीवर जाऊन बघावं, कारण मी दोन परिच्छेद लिहिले ते लहानपणीच्या आठवणीवर लिहिले होते. रात्रीच्या ओहोटीला गेलो. मानशीवर बसणारा माणूस ओळखीचाच निघाला, आधी जरा संशयाने बघत होता, मग बोलायला लागला.

दार आपोआप उघडतं मिटतं हे खरं, पण लेखात मी लिहिलंय तसं "कोणी न हलवता" नाही. खालच्या फळ्यांना कालवं चिकटून एवढा थर झालेला की एक दार पुरतं मिटतच नव्हतं, फटीत गोणपाट कोंबलेलं. तो कोयत्याच्या पाठीने कालवं खरवडत होता आणि खरवडता खरवडता शिव्या घालत होता, कोणाला ते विचारलं नाही. ओहोटी लागली तसं तोंडाशी जाळं बांधलं, पाणी जोरात सुटलं, जाळ्यात शेवटे, काळुंदरं, एक बरी चणक अशी मासळी, आणि सुंगटं. आणि एक गोष्ट मला कधी सुचलीच नव्हती, ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या माणसाची झोप पण रोज 50 मिनिटं पुढे सरकते. तो म्हणाला, घड्याळ घरच्यांसाठी आहे, मी पाण्यावर उठतो.

मी विचारलं, दार मिटत नाही तर शेतात खारं पाणी जात असेल ना. तो म्हणाला, जातं की. मग गप्प बसला, आणि मग म्हणाला तुमच्या काकाच्या वेळेला पण जायचं.

घरी येऊन लिहायला बसलो ते उजाडेपर्यंत. आमचा काका आहे त्यात, पण "गावातला एक जण" म्हणून आहे, आणि कर्जाची गोष्ट आहे, म्हणजे तो खलनायक होत नाही. कूळ कायदा तीन वाक्यांत आटोपला. आता भानगड वेगळीच झालीय, 2700 शब्द झालेत आणि संपादकांना 1800 पाहिजेत.

हळदीचं पान
वा!! 50 मिनिटांचं वाचून काटा आला.

डेस्कवरचा
छान. आता कापायचं. वरचे "खाजन म्हणजे काय" वाले परिच्छेद उडव. मानशीवरच्या माणसापासून सुरू कर, कालवं खरवडताना. बांध, पोंय, कोरगुट हे त्याच्या बोलण्यात येता येता येऊ देत. आणि ते दोन परिच्छेद तुला फार आवडलेत म्हणालास ना, तेच आधी काप, जे आवडतं त्याच्याच राखणीत माणूस अडकतो.

सत्तरीची सून
मी यात काकांच्या विरुद्ध आहे. दिवाळी अंक पुण्या-मुंबईला पण जातो, तिथे खाजन म्हणजे काय हे कोणाला माहीत आहे? त्यांना वाटेल खाजण म्हणजे दलदल. दार कसं चालतं हे आधी नीट कळलं नाही तर गोणपाट कोंबलं त्यात एवढं काय असं होईल. मानशीचे परिच्छेद ठेवा, बांधाचे कापा.

डेस्कवरचा
बाय, वाचकाला न कळण्याची भीती उपसंपादकाने बाळगायची, लेखकाने नाही.

सत्तरीची सून
आणि लेख अंकात आला की उपसंपादक रिटायर झालेला असतो 😊

पोस्टमन
@खाजनातला एकच विनंती, शेवटी "मानस म्हणजे मनाचं दार" असलं काही लिहू नकोस. लिहिलंस तर अंक विकत घेणार नाही.

खाजनातला
पोस्टमन बाब, होतं तसं एक वाक्य. गेलं.

ताईंचं ऐकलं, मानशीचा एक परिच्छेद ठेवला, बांधाचं सगळं दोन ओळींत आणलं. सुरुवात काकांनी सांगितली तशी. 1900 च्या आसपास आहे, एवढं चालतं म्हणाले. आता संपादक फोटो मागतायत, दार उघडं असताना पाणी बाहेर पडतंय असा, म्हणजे ओहोटीचाच पाहिजे, आणि परवाची ओहोटी पहाटे तीनला. माझ्या फोनवर अंधारात काही येत नाही. कोणाकडे बरा कॅमेरा आहे का?

फेरीबोट
माझ्याकडे आहे. पण तीनला कशाला जायचं रे, दिवसाला दोन ओहोट्या असतात, दुसरी दुपारी साडेतीनच्या सुमाराला येईल. लोकेशन पाठव, जेवून येतो.